शिजवलेलं आणायचं नाही

कुमुदताईंचा गौरवअंक निघतो आहे, दोन पानं लिहून द्या, असा निरोप कॉलेजातून आला तेव्हा मी 'बघतो' म्हणालो. 'बघतो' म्हणजे नाही, हे यवतमाळात सगळ्यांना कळतं. तरी पुढच्या आठवड्यात दोनदा फोन आला. ''सर, तुमी तं त्यायच्या टेबलावरचे. अकरा वर्षं जेवले. चार शब्द चांगले लिवाचे, झालं.'' चार चांगले शब्द माझ्याकडे आहेत, आणि ते मी लिहिणार आहे. पण त्यांच्या मागेपुढे जे आलं ते गौरवअंकात छापण्यासारखं नाही. म्हणून हे वेगळं.

मला कुमुदताई आवडत नाहीत. आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचं आडनाव लिहीत नाही, कारण आडनाव वाचलं की वाचणारा निम्मं माणूस स्वतःच रंगवून मोकळा होतो.

उंची बेताची, अंगकाठी सडपातळ, साडी कडक इस्त्रीची आणि वर पांढरा एप्रन, तोही इस्त्रीचा. त्या एप्रनवर मी कधी हळदीचा डाग पाहिला नाही. बारा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या एप्रनवर डाग नाही, याचं सगळे कौतुक करायचे. मला त्याची थोडी भीतीच वाटायची. बाहेर पडताना खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत लाल झाकणाची स्टीलची बाटली. समोरच्याचं वाक्य त्या कधी पूर्ण होऊ द्यायच्या नाहीत. तुम्ही ''ताई, काल मी'' एवढं म्हणायचा अवकाश, की ''हो हो, कळलं'' म्हणून त्या पुढे निघायच्या. त्यांना जे कळलेलं असायचं ते तुम्ही सांगणार होता त्याहून भलतंच असायचं.

त्या आमच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायच्या आणि मी तिथे ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर, यजमान गेल्यावर आणि मुलगा बंगळुरूला कायमचा झाल्यावर दारव्हा रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्यात बारा खुर्च्यांचं सागवानी टेबल रिकामं पडलं. त्यावर त्यांनी जग मांडायचं ठरवलं. महिन्यातले दोन शनिवार, संध्याकाळी साडेसात, दर वेळी एक देश. भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा, आणि ज्या देशाचं जेवण झालं त्याच्यावर लाल टाचणी. मोबाइलवर आमचा गट होता, 'जगाचं ताट' नावाचा. मंगळवारी देश जाहीर व्हायचा आणि बुधवारी कोणी काय आणायचं ते. कोणी लिंबं, कोणी दूध, कोणी पत्ताकोबी. गटाच्या माथ्यावर एकच नियम लिहिलेला होता: शिजवलेलं काही आणायचं नाही.

नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मला तो आवडायचा. माझी बायको छाया लोहाऱ्याच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोरांशी घसा फोडून आल्यावर तिला आणखी डबा करायला लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात.

आता ते चार चांगले शब्द. बाई सुगरण होती. आपल्याकडे सोयाबीन पोत्याने पिकतं आणि पोत्यानेच बाहेर जातं. ताई ते भिजवून, वाटून, दूध काढून त्याचं पनीर पाडायच्या आणि जपानी रश्श्यात सोडायच्या. समुद्राच्या शेवाळाऐवजी वाफवलेलं पालकाचं पान घेऊन त्यात चिकट भात गुंडाळायच्या. कोरियाची पत्ताकोबी बरणीत तिखटमीठ लावून आठ दिवस मुरवायच्या, आणि झाकण उघडलं की वास फाटकापर्यंत यायचा. ज्वारीचं पीठ आंबवून इथिओपियाची जाळीदार भाकरी करायच्या. पस्तिशीपर्यंत मी यवतमाळ, नागपूर आणि एकदा पुणे एवढंच पाहिलेलं. त्या टेबलावर बसल्यावर खरंच वाटायचं, की आपण कुठेतरी जाऊन आलो. हे मी नाकारत नाही. अकरा वर्षं मी काही कोणी बंदूक लावली म्हणून जेवलो नाही.

पण जेवण सुरू होण्याआधी भाषण असायचं. देश कुठे, हवामान कसं, पदार्थाच्या नावाचा उच्चार कसा. उच्चार प्रत्येकाकडून वदवून घ्यायच्या. रस्सा गार होत असायचा आणि आम्ही बारा प्रौढ माणसं बालवाडीतल्यासारखी एकामागून एक ते नाव म्हणायचो. शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: ''जिभेला पासपोर्ट लागत नाही.'' टाळ्या. मग जेवण.

कोणी नवीन पाहुणा असला की आमची ओळख करून द्यायच्या. ''हे डॉक्टर. ह्या त्यांच्या मिसेस, माधवी. हे वकीलसाहेब.'' माझ्यापाशी आलं की त्यांचा हात माझ्या खांद्यावर यायचा. ''आणि हे आमचे मिलिंद, ग्रंथपाल. आमच्या टेबलावर बरं का, कोणी कोणाची जात विचारत नाही.'' हे वाक्य डॉक्टरांची ओळख करून देताना त्यांना कधी सुचलं नाही. ते फक्त माझ्यापाशी सुचायचं. आम्ही बौद्ध, माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. हे मी कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. मी हसायचो. त्या हसण्याची आज मला किळस येते.

त्यांचा खरा स्वभाव पहिल्यांदा दिसला तो जपानच्या शनिवारी. आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क उत्तमराव त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते. कळंबकडचे, शेतकरी घरातले, गोड माणूस. काड्यांनी जेवायचं होतं. उत्तमरावांनी दोन-तीनदा भात मांडीवर सांडला आणि मग गुपचूप हाताने खायला लागले. तेवढ्यावर भागलं असतं. पण फिक्कं जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून हिरवी मिरची काढली आणि टेबलाखाली कडकन मोडली. आमच्याकडचा माणूस लग्नालासुद्धा खिशात मिरची घेऊन जातो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

ताईंनी तो आवाज ऐकला. ''उत्तमराव, खिसा रिकामा करा.''

''काय नाई मॅडम, आपली एक मिरची...''

''टेबलावर ठेवा. सगळ्या.''

पन्नाशीच्या माणसाने खिशात हात घालून एक-एक करत चार मिरच्या टेबलावर ठेवल्या. शाळेत मास्तर पोराच्या खिशातल्या गोट्या काढून घेतात तशा ताईंनी त्या उचलल्या, बशीत घातल्या आणि बशी सगळ्यांना दिसेल अशी नकाशाखालच्या स्टुलावर मांडली. ''दुसऱ्याच्या देशात जाताना आपलं घर दाराबाहेर ठेवायचं असतं,'' त्या म्हणाल्या. सगळे खो खो हसले. मीही हसलो. उत्तमरावांनी पान संपवलं, ''बरं होतं मॅडम'' म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला म्हणाले, ''सर, पोटभर जेवाले बलावते अन् पोटावर पाय देते हे बाई. तुमी कसे जाता जी?'' मी म्हणालो, त्यांची शिस्त आहे तशी. मी तेव्हा त्यांचा वकील होतो ना.

आता आमच्या घरचं सांगतो.

छायाला पहिल्या दिवसापासून एक ध्यास लागला होता: ताईंना आपल्याकडे जेवायला बोलवायचं. ती फुलसावंगीची. तिच्या माहेरी चार घास खाऊन आलो तर दोन घास घालायचे, हा साधा हिशेब. ''किती दिवस त्यायच्याच घरी गिळाचं? बरं नाई दिसत,'' ती म्हणायची. ताई घरी यायच्या, नाही असं नाही. आमच्या मुलीच्या बारशाला आल्या, चांदीची वाटी दिली, पोरीला मांडीवर घेऊन तासभर बसल्या. पण जेवायच्या वेळी त्यांना पित्त झालं. पुढच्या वेळी संकष्टी निघाली. छायाने मग मुद्दाम चतुर्थी बघून साबुदाण्याची उसळ केली, तर साबुदाणा डॉक्टरांनी बंद केलेला. एकदा दाढ दुखत होती. एकदा आत्ताच जेवून आल्या होत्या, सकाळी साडेदहाला. चहा सोडलेला होता, तो आमच्या घरापुरता. तहान लागली की पिशवीतून बाटली निघायची. ''मला उकळलेलंच लागतं बाई.''

एकदा छायाने कंटाळून फळांची टोपली पुढे केली. ताईंनी केळं घेतलं. सोलून, आवडीने खाल्लं. छायाचा जीव भांड्यात पडला. आत येऊन तिने मला खूण केली, खाल्लं म्हणून.

माझी आई पलंगावर बसून वाती वळत नाही, तिचा तो धर्म नाही. ती शेंगा फोडत होती. ताई गेल्यावर ती म्हणाली, ''बाई सालीचं खाते. शिजलेलं खात नाई. मले पहिल्याच दिवशी समजलं. तुमाले कवा समजन बापा?''

मी आईवर चिडलो. तुझा जुना काळ गेला, त्या शिकलेल्या आहेत, साऱ्या जगाचं खातात, कोरियाचं खातात, आफ्रिकेचं खातात. आई म्हणाली, ''तेथचं खाते, कावून का थे लोकं दूर रायतात. आपन गल्लीत रायतो.'' आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. छायाने त्या दिवशी आईला ताटावर बोलावलं तेव्हा आवाज जरा चढाच होता. तिलाही ते ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर आम्हा दोघांना शनिवार सोडावा लागला असता.

आता मुख्य गोष्ट.

छायाच्या हातची लांब पोळी ज्याने खाल्ली तो विसरत नाही. मडकं चुलीवर उपडं घालायचं, खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ. कणीक इतकी सैल की कोणाला वाटेल वाया गेली. ती उचलून आपटायची, तार येईपर्यंत आपटायची. मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि मडक्यावर अंथरायचा. पोळी इतकी पातळ होते की आरपार बोटं दिसतात. हे पुस्तकातून येत नाही. छायाला तिच्या मायने वयाच्या बाराव्या वर्षी शिकवायला घेतलं आणि पंधराव्या वर्षी जमलं.

एका शनिवारी बोलण्यात विषय निघाला आणि ताईंचे डोळे चमकले. ''छाया, मला शिकव. परवा दुपारी ये.''

छायाला आभाळ ठेंगणं झालं. तिने नवं मडकं आणायचं ठरवलं, तर ताई म्हणाल्या, मडकं मी आणते. कणीक नेते म्हणाली, तर कणीक माझ्याकडे आहे. त्या दुपारी ताईंच्या मागच्या अंगणात तीन तास धडा चालला. मी छायाला घ्यायला गेलो तेव्हा शेवट दिसला. ताई चुलीपाशी, आणि छाया चार हात लांब, तुळशीच्या कट्ट्यापाशी उभी.

''ताई, असं नोका करू, पीठ तुटून राह्यलं. द्या इकडं, एक डाव दाखवते.''

''अं हं, हात नको लावूस. मला चुकू दे. चुकल्याशिवाय हाताला वळण लागत नाही.''

''मंग कोपर वर घ्या. अजून वर. आता सोडा... सोडा ना वं ताई!''

पोळी मडक्यावर अंथरली गेली. अखंड. छाया लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या घरापर्यंत तेच. ''नवव्या पोळीले जमली! मले तीन वर्षं लागले, त्यायले तीन घंटे. पण शिकवणारी कोन होती, सांगा बरं?'' मी म्हणालो, माझी बायको. तीन तासांत तिला कोणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, कणकेला बोट लावू दिलं नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. निदान आम्ही ते बोललो नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी देश जाहीर झाला. लेबनॉन.

शनिवारी टेबलावर वेताची टोपली होती, तीत पांढरा रुमाल आणि रुमालात घडी घातलेल्या पोळ्या. छायाने त्या पाहिल्या आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावला. तिला वाटलं, आता ताई आपलं नाव घेतील. ती पदर सावरून बसलीसुद्धा.

ताईंनी भाषण केलं. भूमध्य समुद्र, तिथलं ऊन, तिथल्या डोंगरातल्या बायका उलट्या तव्यावर कशा पातळ रोट्या भाजतात. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ''ही रोटी साधायला मला तीन महिने लागले. हात भाजले, कणीक फुकट गेली, पण सोडलं नाही.''

डॉक्टरांची माधवी वर्ध्याकडची. ती घास घेताच म्हणाली, ''अगं बाई, ही तर आपली लांब पोळीच!''

''छे गं,'' ताई हसल्या. ''ती जाडीभरडी. चुलीच्या धुराची. हिच्यातली नजाकत तिला कुठली?''

छाया समोर बसलेली होती. चार हातांवर. ताईंनी तिच्याकडे बघितलं, चांगलं डोळ्यांत बघितलं, आणि टोपली पुढे केली. ''छाया, घे ना, लाजतेस काय?''

छायाने एक पोळी घेतली. तिचे तुकडे करत राहिली, खाल्ली नाही. आणि मी? मी मूग गिळून बसलो. एवढं बोललो असतो तरी चाललं असतं, की ताई, ही पोळी तुम्हाला हिने शिकवली. सहा-सात शब्द. मी तीन पोळ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. ताईंवर मी जेवढा चिडलेला आहे त्यातला निम्मा राग त्या तीन पोळ्यांचा आहे, आणि तो माझा माझ्यावर आहे.

परत येताना मला वाटलं, छाया रडेल किंवा भांडेल. ती एवढंच म्हणाली, ''माधवीबाईनं छोल्याची चटणी घरून करून आणली होती. टेबलाच्या मंधात ठेवली होती. शिजेल होती.''

मला आठवलं. ताईंनी ती सगळ्यांना आग्रह करकरून वाढली होती. नियम मग कोणापुरता होता, हे मला अकरा वर्षांनी एका वाटीभर चटणीने सांगितलं.

पण छायाने हार मानली नव्हती. माणसाला शेवटचं एकदा विचारावं, असं तिचं मत पडलं. तिने स्वतः गटावर लिहिलं: पुढचा शनिवार आमच्याकडे, देश तिथे आल्यावर कळेल. आईने विचारलं, ''कायले बलावतं वं? तोंडात मारून घ्यायले?'' छाया म्हणाली, ''व्हय. मारते का नाई, थे एकदा पायतो.''

गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. मडकं, पऱ्हाटी, खाली अंथरलेल्या सतरंज्या. पाटवड्यांचा तर्रीवाला रस्सा, वांग्याचं भरीत आणि लांब पोळी. सगळे आले. ताईही आल्या, लिंबू रंगाची साडी नेसून. ''कुठला देश छाया?''

''फुलसावंगी,'' छाया म्हणाली.

सगळे हसले, ताई सगळ्यांत जास्त. मग छायाने कणीक हातावर घेतली आणि हसणं थांबलं. तिचे हात जे चालले ते मी लग्नानंतर इतक्या वर्षांत तसे पाहिले नव्हते. मडक्यावर पोळी पडायची, फुगायची, उतरायची आणि दुसरी हातावर तयार असायची. माधवी कुमुदताईंकडे बघत राहिली. ती काय समजायचं ते समजली असावी.

पानं मांडली. ताईंचं पान मधोमध, आईच्या शेजारी. पण ताई बसल्याच नाहीत. त्यांनी साडीचा पदर खोचला, रश्श्याचा डाव हातात घेतला आणि वाढायला लागल्या. ''तुम्ही बसा रे सगळे. आज मी वाढणार. वकीलसाहेब, आणखी घ्या. माधवी, भरीत बघ, खास झालंय!'' खास झालंय, हे त्यांना वासावरून कळलं असावं. त्या आमच्याच गच्चीवर, आमच्याच डावाने, आम्हालाच आग्रह करत होत्या. वाढणारी जेवत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. उलट सगळे म्हणतात, किती करते बिचारी. मला मानलं पाहिजे त्या बाईच्या हुशारीला.

लोक उठले, हात धुवायला खाली गेले. गच्चीवर आम्ही चौघं राहिलो. छायाने शेवटची पोळी मडक्यावरून काढली, ताईंच्या कोऱ्या ताटात ठेवली आणि समोर उभी राहिली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते.

''ताई, आता बसा. वाढते.''

''अगं, आज नको. वाढता वाढताच पोट भरलं.''

''एक घास घ्या.''

''छाया, हट्ट करू नकोस.''

''एक सांगा मले. तुमी माह्या घरचं खाल का नाई? आज नाई, उद्या नाई. कवाबी?''

ताईंनी तिच्या गालाला हात लावला. हो, हात लावला; हाताचं त्यांना काही नव्हतं. ''वेडे, प्रेम कुठे ताटात मोजायचं असतं का?'' आणि जिना उतरून गेल्या.

आईने ती गार पोळी उचलली, तिचे दोन तुकडे केले, एक छायाला दिला आणि एक स्वतः खाल्ला. मला दिला नाही. बरोबरच केलं. रात्री भांडी घासताना छायाने ताईंचं ताट घासलं नाही, तसंच पुसून मांडणीवर ठेवलं.

मी गटातून बाहेर पडलो. कोणी काही विचारलं नाही. आठवडाभराने ताईंचा फोन आला. ''मिलिंद, मनात अढी धरू नये माणसाने. माझी सासू फार कडक होती, घरात सवयीच तशा लागल्या. या वयात बदलत नाही रे काही. पण मनात काही नाही हं माझ्या.'' मी विचारलं, कोरियाची कोबी खायची सवय सासूने लावली होती का? त्या म्हणाल्या, ''हो हो, कळलं,'' आणि फोन ठेवला. एवढं एक वाक्य मी बोललो. तेही फोनवर, आणि फार उशिरा.

या मे महिन्यात कळलं, ताई यवतमाळ सोडून मुलाकडे चालल्या आहेत. टेबल माधवीने घेतलं, नकाशा कॉलेजला दिला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांची गाडी आमच्या दाराशी थांबली. मीच दार उघडलं. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या. वाळल्या होत्या थोड्या. छाया आतून आली आणि समोर पलंगावर बसली.

बोलणं झालं. सामानाचं, मुलाच्या घराचं, आमच्या मुलीच्या परीक्षेचं. वर पंखा गरम हवा फिरवत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आमच्या भागात आल्यागेल्याला चहा विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. छाया तर सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही उन्हात तसंच परत धाडत नाही. कोणी आलं की बोलता बोलता ती उठते, आणि आतून कपबशीचा आवाज येतो. त्या दिवशी ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

ताईंनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग छायाकडे. पुन्हा दाराकडे. मुलाच्या घराचं त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. शेवटी घड्याळ बघून म्हणाल्या, ''आज माझं पित्त जरा... म्हणजे मी काही घेणार नाही हं छाया, तू उगाच चहाबिहा...''

''मी काई ठेवलंच नाई, ताई,'' छाया म्हणाली. आवाजात राग नव्हता. शाळेला उद्या सुट्टी आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

ताईंचा हात नको म्हणायला अर्धा वर गेला होता. तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद उगाच सारखा केला. त्यांच्या तोंडावर तसा भाव मी कधी पाहिला नव्हता. दार ढकलायला जावं आणि ते उघडंच असावं, तशा त्या तोल गेल्यासारख्या दिसल्या. मला दया यायला हवी होती. आली नाही. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या उठल्या. फाटकाची कडी उन्हाने तापलेली, त्यांनी ती पदराने धरून काढली. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं, तरी त्या लगेच बसल्या नाहीत. त्या भर उन्हात गाडीच्या दाराला धरून आमच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. आतून कोणी 'ताई, थांबा, घोटभर तरी घेऊन जा' म्हणून हाक मारेल, अशी वाट पाहणारा माणूस जसा उभा राहतो, तशाच. हाक आली असती तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. छाया दारात उभी होती. ''सांभाळून जा,'' ती म्हणाली.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर तिने दार लावलं, आत जाऊन गॅसवर चहा ठेवला आणि मला विचारलं, ''तुमाले अर्धा का पुरा?''